शिंगांची वही

आमच्या गावात सुंदरराव म्हणजे खडूस माणूस, हे कुणालाही विचारा. मला राग येतो, पटकन येतो, आणि आकडा चुकीचा दिसला की जास्तच येतो. दूध संस्थेचा सचिव म्हणून बावीस वर्षं मी हाच राग बाळगून काढली. त्यामुळे लोक माझ्याशी जपून बोलतात, पण आकड्याच्या बाबतीत डोळे झाकून विश्वास ठेवतात. हा विश्वास एका चैत्रात माझ्या अंगाशी आला, त्याची ही गोष्ट.

नांदूरघाटापासून आमचं गाव सात किलोमीटर. गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. घरी राहतात म्हाताऱ्या, शाळेतली पोरं आणि म्हशी. २०१८ च्या पाडव्याला आमचा मुकादम बिभीषण पस्तीस कोयते घेऊन परत आला आणि तिसऱ्याच दिवशी संस्थेच्या ओट्यावर येऊन बसला.

"सुंदरतात्या, औंदा हंगाम बरा झालाय," तो म्हणाला. "आमी ठरवलंय, कोयत्यामागं धा हजार गावातच कुठंतरी गुतवायचे. तुमची दूध संस्था हाय, म्हाताऱ्यांची खवा संस्था हाय. कोणची वाढती हाय ते बघून टाकू."

मी मनातल्या मनात हिशेब केला. साडेतीन लाख. नेमके तेवढेच आम्हाला हवे होते. तालुक्याच्या डेअरीनं कळवलं होतं की एक जूनपासून ज्या गावात दूध थंड ठेवायचा कूलर नाही, तिथं टँकर येणार नाही. कूलर सात लाखांचा. निम्मे पैसे सरकारी योजनेतून मिळणार होते, निम्मे आम्ही उभे करायचे होते. ते उभे राहिले नाहीत तर बावीस वर्षांची संस्था जूनमध्ये कुलूप लावून बंद. मी अर्ज केले, पाया पडलो, आमच्या अध्यक्षांना, भगवानरावांना, दोनदा बीडला धाडलं. काही झालं नव्हतं. आणि आता पैसे स्वतःच्या पायानं चालत आले होते.

"आमचीच वाढती आहे," मी म्हणालो.

"तसं न्हाई तात्या. कागदावर मांडा. दोन्ही संस्थांचं तीन वर्साचं उत्पन्न शेजारी शेजारी. रविवारी सभेत सगळ्यांसमोर सांगा. अध्यक्ष-बिध्यक्ष नको, तुमीच सांगा. तुमी आकड्यात खोटं बोलत न्हाई."

अशी स्तुती ऐकली की माणूस फुगतो. मी फुगलो आणि हो म्हणालो.

आमचे आकडे माझ्या तोंडपाठ होते. तीन वर्षांत उत्पन्न वाढलं होतं वर्षाला शेकडा चार. नीट बघितलं तर ते चारही टक्के दुधाच्या भावानं दिलेले. लिटर वाढलेच नव्हते, उलट घटले होते. २०१५ च्या दुष्काळात संध्याकाळचं दूध जे आटलं, ते परत आलंच नाही. सकाळी दोनशे ऐंशी लिटर येत होतं, म्हणजे पूर्वीपेक्षा वीसच कमी. संध्याकाळी मात्र दोनशे चाळीसचं नव्वद झालेलं. मी तीनही वर्षांच्या अहवालात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'दुष्काळाचा ताण बसल्याने जनावरे सायंकाळी दूध देत नाहीत.' भगवानरावांनी त्याखाली सही केली, लेखापरीक्षकानं मान डोलावली. मी तर संस्थेच्या खर्चानं जनावरांचा डॉक्टर बोलावला, गावातल्या प्रत्येक म्हशीला टॉनिकची पुडी वाटली. म्हाताऱ्यांनी मला तोंडभरून आशीर्वाद दिले. संध्याकाळचं दूध काही वाढलं नाही.

आता खवा संस्था. ती भिवराबाईंनी दुष्काळाच्या दोनच महिने आधी काढलेली. भिवराबाई धनगरवस्तीवरच्या, वय सत्तरच्या पुढं, आवाज असा की वस्तीवरून हाक मारली तर आमच्या ओट्यावर ऐकू यावी. त्यांच्या संस्थेत सगळ्या पन्नाशीच्या वरच्या बाया. संध्याकाळी भट्टी पेटायची, कढयांत खवा आटायचा, पहाटेच्या एस.टी.नं केजच्या व्यापाऱ्याकडे जायचा. दूध वस्तीवरच्या म्हशींचं, असा माझा समज होता. व्यापाऱ्याच्या पावत्यांवरून त्यांची वाढ काढली आणि माझं डोकं तापलं. वर्षाला शेकडा एकतीस.

भगवानराव म्हणाले, "एकतीस म्हणूच नको. दुष्काळाचं वर्ष वगळ, कायतरी कर."

"वगळत नाही. पण मांडणी करता येते," मी म्हणालो. मला एक खरा मुद्दा सापडला होता. लहान संस्थेची टक्केवारी नेहमी मोठी दिसते. दोन म्हशींच्या चार झाल्या की वाढ शंभर टक्के. आमच्या पसाऱ्यात दोन म्हशी आल्या काय, गेल्या काय. हा मुद्दा खोटा नव्हता, आणि तो नीट ठासून मांडला तर पस्तीस कोयते आमच्याकडे वळले असते. फक्त त्यांचं दूध मुळात किती होतं ते दाखवायला त्यांची वही हवी होती.

गुरुवारी दुपारी मी भट्टीवर गेलो. भिवराबाई कढई घासत होत्या.

"वही बघायची व्हय? बघा की," त्या म्हणाल्या. "आमी काय चोरी केली न्हाई. तुमी तीन वर्सांत कधी इचारलंच न्हाई."

वही उघडली आणि मी चक्रावलो. नावं नव्हतीच. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शिंगं काढलेली होती. कुठं गोल वळलेली, कुठं खांद्यापर्यंत मागे गेलेली, कुठं एक वर एक खाली. शिंगांच्या पुढं उभ्या रेघा, लिटरमागे एक रेघ, अर्ध्या लिटरला अर्धी.

"आमच्यात वाचता कुणाला येतंय?" भिवराबाई म्हणाल्या. "आपल्या म्हशीची शिंगं मात्र समद्यांना वळखू येतात. सकाळी वही उघडायची, जिच्या म्हशीची शिंगं, तिनं बोट ठिवायचं, रेघा मोजायच्या, पैसे घ्यायचे. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

मी रेघा मोजू लागलो. तिसऱ्या पानावर माझं बोट थांबलं. उजवं शिंग मागे वळलेलं, छान. डावं अर्ध्यात तुटलेलं आणि खाली झुकलेलं. आधीच्या दुष्काळात चारा छावणीच्या लोखंडी खांबाला आपटून तुटलं होतं ते. पंचक्रोशीत असं शिंग एकाच म्हशीला होतं. चंद्रीला. आणि चंद्री माझ्या गोठ्यात बांधलेली होती.

तिच्या पुढं रोज दोन रेघा. पावसात, थंडीत, सणावारी, कधी अडीच. तीन वर्षं.

"भिवराबाई, ही म्हैस..."

"तुमचीच हाय," त्या कढई घासताना म्हणाल्या. "टानिकची पुडी चांगली लागू पडली तिला."

मी घरी आलो. आमच्या सौभाग्यवती, वत्सलाबाई, अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. तीन वर्षं मी रोज संध्याकाळी संस्थेच्या काट्यावर बसत होतो आणि तीन वर्षं ही बाई मला सांगत होती की चंद्री संध्याकाळी लाथ मारते.

"चंद्री संध्याकाळी दूध देत न्हाई, व्हय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग सुपाकडं. "वही बघितली म्हणायची."

"कावून केलंस असं? सचिवाची बायको तू! कावून केलंस?"

"ओरडू नका, म्हस बिचकती," ती म्हणाली. "अवो, दुष्काळात पेंड लई महाग झालती. मी पैसे मागितले की तुमी काय म्हणायचे? परवा दिलते त्येचं काय केलं. सरकीला किती, भुस्सा किती, पावती कुठं. मी रोज तुमाला जबाब द्यायचा आन् म्हशीनं दावणीला उपाशी ऱ्हायाचं. भिवरामावशी सकाळी हातावर पैसे ठिवती, काय इचारत न्हाई. मी पेंड घेती, म्हस दूध देती. तिच्या दुधावर तुमाला सकाळचा च्या मिळतो."

"दूध संस्थेचे पैसे बँकेत येतात ना तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी कुठं? खातं तुमच्या नावावर हाय."

मी अबोला धरला. दोन दिवस धरला. तिच्या ते लक्षातच आलं नाही, असं मला वाटतं.

अबोल्यात माणूस विचार करतो. मला आठवलं, दुधाचे पैसे थेट सभासदाच्या बँक खात्यात, हा नियम मीच आणला होता, त्याच दुष्काळाच्या वर्षी. त्याबद्दल तालुक्याला माझा सत्कार झाला होता. नारळ मिळाला, शाल मिळाली. आणि सभासद कोण? पोरगा. पोरगा दिवाळीनंतर सांगलीला उसाच्या फडात, बँकेचं कार्ड त्याच्या खिशात, आणि इकडं म्हातारीच्या हातात दोर, दोराला म्हैस, म्हशीला पेंड नाही. नांदूरघाटच्या बँकेत म्हातारी गेली तर साहेब म्हणणार, पोराला घेऊन या. तिनं करायचं काय होतं?

शनिवारी सकाळी मी भिवराबाईंची वही पुन्हा मागून आणली आणि टॉनिक वाटताना बघितलेली गावातली शिंगं ओळखून त्यांच्या रेघा वेगळ्या मोजल्या. रोज एकशे सत्तेचाळीस लिटर. आमचं संध्याकाळचं दूध घटलं होतं दीडशे. मधले तीन लिटर पोरांनी प्यायले असतील, त्यांना लखलाभ. आमच्या खड्ड्यातली माती त्यांच्या ढिगावर पडली होती, इतकंच. दुष्काळ आमच्या अहवालात होता, म्हशीच्या आचळात नव्हता.

आणि मला हे रविवारी गावासमोर सांगायचं होतं, किंवा सांगायचं नव्हतं. लहान संस्थेचा मुद्दा माझ्या खिशात तयारच होता. तो खोटाही नव्हता. तेवढाच बोलून खाली बसलो असतो तर कूलर आला असता आणि माझी शाल शाबूत राहिली असती. खरं सांगितलं तर पस्तीस कोयते भट्टीकडे वळणार, जूनमध्ये टँकर बंद, आणि वर गावाला कळणार की सचिवाच्या घरची म्हैससुद्धा सचिवाच्या संस्थेला दूध देत नाही. मला लाज वाटत होती. साफ सांगतो, लाजच वाटत होती.

रविवारी मारुतीच्या पारासमोर सगळे जमले. गडी पुढं, म्हाताऱ्या मागं भिंतीच्या सावलीला. शाळेतला फळा आणून टेकवला होता. भगवानरावांनी मला डोळ्यानं खूण केली. मी खडू घेतला आणि दोन आकडे लिहिले. चार आणि एकतीस.

लोक कुजबुजले. मी लहान-मोठ्याचा मुद्दा सांगितला, दोन म्हशींच्या चार म्हशी, सगळं. बिभीषण मान हलवू लागला. भगवानरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं. इथं थांबायचं होतं. मी खडू खाली ठेवला आणि परत उचलला.

"एक राहिलं," मी म्हणालो. "आपलं संध्याकाळचं दूध दुष्काळानं आटलं असं मी तीन वर्सं लिहीत आलो. ते आटलं न्हाई."

आणि मी फळ्यावर शिंगं काढायला लागलो. पहिली काढली, खांद्यापर्यंत मागे गेलेली.

"ही आमची ढवळी की बे!" बिभीषण म्हणाला. "आय, ढवळी संध्याकाळी आटलीय म्हणतीस ना तू?"

मागं भिंतीजवळ त्याची आई साखराबाई पदराचा शेव तोंडाला लावून बसली होती. गड्यांनी माना मागं वळवल्या. मी दुसरी शिंगं काढली, तिसरी काढली. प्रत्येक शिंगाला एकेक पोरगा आपल्या आईकडे बघत होता आणि प्रत्येक म्हातारी आभाळाकडे बघत होती. शेवटी मी एक शिंग मागे वळलेलं काढलं आणि दुसरं तुटलेलं, खाली झुकलेलं.

मग कुणीतरी फुस्सकन हसलं आणि सगळा पार हसायला लागला. भगवानराव हसले नाहीत. वत्सलाबाईही हसली नाही, ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हसा," मी म्हणालो. "पण ऐका. ह्या दोन संस्थांची चढाओढ न्हाईच. एकच म्हस हाय, सकाळी आमच्याकडं, संध्याकाळी त्यांच्याकडं. जिथं पैसे धार काढणारीच्या हातात पडतात तिथं एकतीस वाढलंय. जिथं दुसऱ्याच्या खात्यात पडतात तिथं चार. तो खात्याचा नियम माझा. तुमी तीनशे किलोमीटरवर होता म्हणून तुमच्या आईच्या हातात पैसे पडले न्हाईत. मी तर चुलीपासून सा पावलांवर होतो."

हे बोलताना माझा आवाज जरा हलला. रागानं हलला असं लोकांना वाटलं असेल तर वाटू दे.

"तात्या, कोड्यात नका बोलू," बिभीषण म्हणाला. "पैसे टाकायचे कुठं ते सांगा."

"आज टाकायचे तर भट्टीत टाका. तिथं बुडणार न्हाईत. आमच्यात टाकायचे असतील तर आधी नियम बदला. जी धार काढती ती सभासद. धा दिवसाला पैसे ओट्यावर, तिच्याच हातात. आन् शेअर तुमच्या नावानं घ्यायचा न्हाई, आईच्या नावानं घ्यायचा."

भगवानराव माझ्या कानाशी आले. "बुडवलीस रे संस्था."

मला वाटलं, बुडवलीच. मग मागून साखराबाई उठली, गुडघ्यावर हात टेकून.

"ए बिभीषणा, टाक माझ्या नावानं. सही येत न्हाई मला, शिंगं काढीन."

पुन्हा हशा झाला, पण हा वेगळा होता. त्यात भिवराबाईंचा आवाज सगळ्यांच्या वरून आला. "सचिव, तुमचा तो कूलर, त्यात आमचं दूध सकाळपातूर टिकंल का? म्हंजे संध्याकाळी धुरात डोळे फोडत बसाया नको. उजेडात भट्टी लावू."

"टिकेल की," मी म्हणालो. "दोन दिवस टिकेल."

"मंग आमच्या संस्थेचे पन्नास हजार त्यात धरा. फुकट न्हाई, शेअर पायजे. आन् मीटिंगला बसाया खुर्ची पायजे."

भगवानरावांनी माझ्या कानाजवळचं तोंड बाजूला घेतलं आणि स्वतः उठून खुर्ची पुढं सरकवली. राजकारणात मुरलेला माणूस, वारा कुठून येतो ते त्याला लगेच कळतं.

कूलर मेच्या शेवटच्या आठवड्यात आला. पस्तीसपैकी बत्तीस कोयत्यांनी पैसे टाकले. राहिलेल्या तिघांतला एक सासुरवाडीच्या पतसंस्थेत अडकला होता, बाकीचे दोघं अजून विचार करतायत. वाढ किती होईल ते मी आत्ता सांगत नाही. अहवालात लिहायच्या आधी या खेपेला गोठ्यात जाऊन बघीन.

नवी पासबुकं छापून आणली. पहिल्या पानावर नावाच्या खाली एक रिकामा चौकोन, शिंगांसाठी. तालुक्याच्या साहेबानं विचारलं हे काय, तर मी सांगितलं, सभासदाची ओळख. वाटायच्या दिवशी ओट्यावर रांग लागली. मी टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलो होतो. कुणी स्वतः काढत होतं, कुणाची मी काढून देत होतो. तासाभरानं रांगेतून वत्सलाबाई पुढं आली, नवीन लुगडं नेसून, जणू मला ओळखतच नाही अशा चेहऱ्यानं.

"नाव?" मीही तसाच म्हणालो.

तिनं पूर्ण नाव सांगितलं. मी लिहिलं. मग चौकोनात चंद्रीचं शिंग काढलं. ते तर मला पाठ होतं. उजवं मागे वळलेलं, डावं अर्ध्यात तुटून झुकलेलं, कानाच्या वरच थांबलेलं. भिवराबाईंच्या वहीत होतं अगदी तसं, फळ्यावर काढलं होतं अगदी तसं. पासबुक तिच्यापुढं सरकवलं.

ती वाकली, बघितलं आणि म्हणाली, "असं न्हाई."

"असंच आहे. गावानं ओळखलं की."

"गाव वळखंल. पर आता तसं न्हाई ऱ्हायलं. डावं शिंग कानाच्या खाली आलंय, गालाला टेकतंय. वाढलंय की ते, अवो."

"कधी?"

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "मी रोज तिथं तेल लावती."

मागं रांगेत साखराबाई खोकली. मी रबर घेऊन ते शिंग पुसलं, पेन्सिल वत्सलाबाईच्या हातात दिली आणि ती काढेपर्यंत थांबलो.